मागचा वायपर

नाशिकच्या एका औषध प्रतिनिधीच्या पांढऱ्या हॅचबॅकवर तीन आठवड्यांत वेगमर्यादा मोडल्याची चार चलानं आली. सगळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची, त्यातली तीन खंडाळ्याच्या घाटातली. घाटात कारला ताशी ६० किलोमीटरची मर्यादा, सपाटीवर १००. ही गाडी त्या तीन आठवड्यांत कसारा घाट उतरलीच नव्हती. पण माझ्याकडे येईपर्यंत त्याने दोन चलानं भरूनही टाकली होती. त्याचा मेव्हणा म्हणाला होता, "दोन हजारांसाठी कोण कोर्टाच्या पायऱ्या चढतो?"

चलान आलं की आधी फोटो बघा, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. मेसेजमधल्या लिंकवर जायचं नाही, ती बनावटही असते. महाट्रॅफिक ॲप किंवा सरकारी ई-चलान संकेतस्थळ उघडायचं, गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकायचे, फोटो उतरवून घ्यायचा आणि संगणकावर मोठा करून बघायचा.

फोटोत गाडी मागून टिपलेली होती. मॉडेल तेच, रंग तोच, नंबरही अक्षरन्अक्षर तोच. मग मी त्याची गाडी ऑफिसखाली त्याच कोनातून उभी करून फोटो काढला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवले. याच्या गाडीला मागच्या काचेवर वायपर आहे, चलानातल्या गाडीला नाही. याची नंबरप्लेट उच्च सुरक्षा प्लेट, डाव्या कडेला निळं 'आयएनडी'. तिकडची साधी, त्या जागी नुसता पांढरा पत्रा. कोणीतरी याचा नंबर लावून गाडी फिरवत होतं.

नुसत्या वायपरवर केस उभी राहत नाही. बँकेकडून फास्टॅगचं स्टेटमेंट मागवलं. एका चलानाची वेळ सकाळी ११.४२ आणि त्याच दिवशी ११.५८ ला नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर याचे पैसे कापलेले. सोळा मिनिटांत खंडाळ्याहून तिथे कोणीही पोहोचत नाही. हे स्टेटमेंट, आरसीची प्रत, दोन्ही फोटो आणि बनावट नंबरप्लेटबद्दल पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच, असं सगळं जोडून ॲपमधल्या तक्रार विभागात अर्ज टाकला. प्रत्येक चलानासाठी वेगळा अर्ज. एकाच अर्जात चार नंबर कोंबले की तो कुठेतरी अडकून पडतो.

न भरलेली दोन चलानं रद्द झाली.

भरलेल्या दोनांचं काय, हा माझ्या डोक्यातून न जाणारा प्रश्न आहे. दंड भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड, गुन्हा मान्य. कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला दंड एक ते दोन हजार, पण दुसऱ्यांदा हाच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. चलान गाडीच्या नंबरावर निघतं, पण चालक कोण होता हे कलम १३३ खाली मालकाला सांगावं लागतं, आणि तिथून लायसन्सवर गदा येते. ज्याची नोकरीच गाडीवर आहे त्याला ती परवडत नाही.

कोर्टाबाहेरचे एजंट अशांना "लोकअदालतीत निम्म्यात बसवून देतो" म्हणून पकडतात, याचा मला मनस्वी राग येतो. गुन्हा खरोखर आपलाच असेल तर लोकअदालत उत्तम. नसेल तर तिथे पाऊल ठेवू नये, कारण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

भरलेल्या दोन चलानांसाठीही मी तेच पुरावे जोडून लेखी अर्ज दिला आहे. समोरून एकच प्रश्न आला: गाडी तुमची नव्हती, तर पैसे का भरले? पावती त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच खात्यातून. मेव्हण्याने सांगितलं म्हणून भरले, हे खरं उत्तर कागदावर कसं मांडायचं ते मी अजून ठरवतो आहे.