फी माफ, पण श्रावणातला पैसा?

सेलू, जि. परभणी. पोळ्याच्या आधीचा रविवार, रात्र

लेकीला संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीत जागा मिळाल्यापासून जो तो एकच म्हणतोय, मुलींना आता फी नाही, तुम्हाला कसली काळजी?

फी माफ आहे हे खरं, आणि सरकारनं ते फार चांगलं केलं. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. प्रवेश मात्र कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेश फेरीतूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. पण वसतिगृह, मेस, लॅपटॉप, पुस्तकं, गादी-पेटी हे सगळं आपल्याच खिशातून. आणि ते लागतं आत्ता, श्रावणात. सोयाबीन अजून शेंगा धरतंय. यंदा, २०२५-२६ साठी, हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झालाय, पण दाणा घरात यायला दसरा उजाडेल. कॉलेजची शेवटची तारीख काही दसऱ्यापर्यंत थांबत नाही. शेतकऱ्याच्या घरी खरी अडचण हीच असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

अकरावी-बारावीला लेक लातूरला होती. शिकवणी, खोली, डबा. तेव्हा कसली माफी नव्हती. हातात होतं ते तिथंच संपलं.

आज भाऊजी आले होते. म्हणाले, "वहिनी, रोडलगतचं एक एकर काढून टाका, लेकरू सुखानं शिकंल." यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, भाऊजी, धाकटा नववीत आहे. पोरांना फीत निम्मीच सवलत मिळते, मग त्याच्या वेळेला काय विकायचं? गावात हातउसने घ्यायचे तर महिन्याला शेकडा तीन. रान गेलं की परत येत नाही आणि ते व्याज जन्मभर फिटत नाही. मला दोन्ही मंजूर नाही. यावर मी कुणाचं ऐकणार नाही.

२०१५ साली सुकन्या समृद्धी ही मुलींच्या बचतीची सरकारी योजना निघाली, त्याच वर्षी पोस्टात लेकीचं खातं काढलं होतं. दरवर्षी माल विकला की घरात काही यायच्या आधी पोस्टात थोडे भरायचे, कधी कमी, कधी जास्त, पण खंड पडू दिला नाही. पासबुकाची कड उसवलीय, मी चिकटपट्टी लावून ठेवलीय. आज त्यातल्या नोंदी एकेक करून लेकीला दाखवल्या. एका वर्षी नुसते हजारच आहेत, त्या वर्षी पाऊस नव्हता. ती बराच वेळ ते पान बघत होती.

दहावी झाली किंवा अठरा पूर्ण झाली की शिक्षणासाठी मागच्या मार्चअखेरच्या शिलकेच्या निम्मे काढता येतात. एकदम काढा, नाहीतर वर्षाला एकदा, असं पाच वर्षांपर्यंत. आम्ही दरवर्षी थोडे काढणार. बाकीच्यांवर व्याज चालू राहील, २०२५ साली ते ८.२ टक्के आहे. फक्त कॉलेजच्या कागदावर मागणी दिसेल तेवढीच रक्कम मिळते. म्हणून मी लेकीला म्हटलं, बाहेर खोली बघायची नाही, कॉलेजच्याच वसतिगृहाला अर्ज कर, तिथली पावती पोस्टात चालंल.

तरी कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असून बाकीच्या अटीत बसलं, तर शिकेपर्यंत आणि वर अजून वर्षभराचं व्याज केंद्र सरकार भरतं. यांना कर्ज म्हटलं की धसका बसतो. मला नाही बसत. हे कर्ज लेक नोकरीला लागल्यावर फेडता येतं, एकर परत घेता येत नाही.

उद्या सकाळी सेतू केंद्रात जायचंय, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरचं विचारायला. फी-माफीचा महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा असतो, तेव्हा सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून पेटीतच ठेवणार. तिथून पोस्टात. रात्रीची गाडी जालन्यावरून थेट संभाजीनगरला जाते, लेक शनिवारी-रविवारी घरी येऊ शकेल, हे एक मनासारखं झालं. मेसचे पहिल्या महिन्याचे पैसे तेवढे अजून जुळायचेत. शिलाईचे दोघींकडं येणं आहे, पोळ्याच्या आत मागून घेते.