दम्याचा पंप कपाटात नको, हाताशी हवा

माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी थंडी पडली की परिपाठाला खोकायची. ताप नाही, नुसती ढास. मी फारसं मनावर घेतलं नाही. एका शनिवारी मुलं वर्ग झाडत होती आणि ही दाराला धरून उभी, खांदे वर ओढलेले. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत जात होता. बोलताना एकेक शब्द सुटा पडत होता. मी घाबरून तिला बाकावर आडवं केलं, आणि तिची धाप आणखी वाढली.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. धूळ, धूर, गार हवा किंवा सर्दीचं निमित्त झालं की त्या आवळतात, वर चिकट कफ साठतो. अशा मुलाला झोपवायचं नाही, ताठ बसवायचं.

तिचा पंप, म्हणजे औषध श्वासातून ओढायचा इनहेलर, घरी होता, दप्तरात नव्हता. आई म्हणाली, "बाई, पंपाची सवय लागते म्हणतात. आणि मुलीची जात, उद्या कुणी नाव ठेवलं तर?" तिची भीती खरी होती. मी तिच्याबरोबर पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हिशेबच मांडला: आवळलेल्या नळ्या सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध, 2 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या वीसपट. पंपाचं औषध थेट छातीत पोचतं, म्हणून इतकं कमी पुरतं. सूज उतरवणारा दुसरा पंप रोज घरी घ्यायचा, नंतर चूळ भरायची. हे ऐकल्यावर ती माउली सैल झाली.

शाळेत पंप ऑफिसच्या कपाटात, कुलपात ठेवायचं ठरत होतं. मी ठाम नकार दिला. किल्ली शोधेपर्यंत मुलीने काय करायचं?

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मी फळ्याशेजारी चिकटवला. पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळीला) लावा, एक फवारा, पाच-सहा संथ श्वास, मग पुढचा. असे चार फवारे, चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार, आणि 108 ला फोन. ओठ निळसर दिसले तर आधी फोन. झाडणं आता शाळा सुटल्यावर होतं, फळा ओल्या फडक्याने पुसतो.

जानेवारीत खो-खोच्या सरावात तिला पुन्हा धाप लागली. मी मैदान ओलांडून पोचले तोवर तिच्या मैत्रिणीने दप्तरातून स्पेसर काढून जोडला होता. ही पायरीवर ताठ बसून, बोटांवर श्वास मोजत होती.