बारावं गणित

संध्याकाळी पाव-पोळ्या घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की आमच्या घरातलं कुणीतरी पिशवी घेऊन जिन्याकडे पळतं. त्या दिवशी कुणीच हललं नाही. लेक वहीत डोकं घालून बसली होती आणि मी तिच्या वहीत. इंटिग्रेशनचा गृहपाठ, बारा गणितं. अकरा सुटली, बारावं अडलं. सेकंट एक्सचं इंटिग्रल.

"आई, तू बी.एस्सी. ना गं?"

आहे. पण केमिस्ट्रीची, आणि तीही पंचवीस वर्षांपूर्वीची. तरी चष्मा पुसून मी म्हटलं, "आधी साइन-कॉसमध्ये लिही बघू." काही सुचत नसलं की मोठी माणसं हेच म्हणतात. लिहिलं. वन अपॉन कॉस एक्स. पुढे ढिम्म.

शेवटी गाइड उघडलं. त्यात एका ओळीत निकाल: सेक आणि टॅनच्या बेरजेने अंश-छेदाला गुणा. गुणलं, तर वर सेकचा वर्ग अधिक सेक-टॅन येतं आणि ते बरोब्बर खालच्या बेरजेचं डेरिव्हेटिव्ह निघतं. मग काय, सेक अधिक टॅनचा लॉग, झालं उत्तर.

लेक खूश होईल असं वाटलं होतं. ती भडकली. "पण गुणायचं हे सुचलं कसं? यांना उत्तर आधीच माहीत होतं! ही चीटिंग आहे."

मला काही बोलता येईना, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका दारात. "पोदेर चालला होता, तुमच्याही पोळ्या घेतल्या." काका जुने तारवटी, जहाजावर काम केलेले. सेकंड ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, पण मुरगावच्या सड्यावर सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात आणि ते कुणाची चूक दुरुस्त करत नाहीत. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं.

"अगो, हे तर आमचे मेरिडियनल पार्ट्स!"

मग ओट्यावरचा सोललेला नारळ उचलला, लेकीचं लाल स्केचपेन घेतलं, आणि त्यावर विषुववृत्त काढलं. डोळ्यांची बाजू म्हणजे उत्तर ध्रुव. तिकडे जावं तशी आडवी वर्तुळं लहान होतात, कॉसच्या हिशेबाने. सपाट नकाशावर मात्र ती सगळी सारख्याच लांबीची काढतात, म्हणजे सेकंटपट ताणतात. आता आडवं ताणलं आणि उभं तसंच ठेवलं तर दिशा चुकणार, जहाज खडकावर. म्हणून उभंही तितकंच ताणायचं. "आपल्या मुरगावला हा ताण शंभरास जेमतेम चार. साठ अंशांवर बरोब्बर दुप्पट. म्हणून तर ग्रीनलंड एवढं फुगतं."

"मग कुठलं अक्षवृत्त कागदावर किती उंच काढायचं?"

"विषुववृत्तापासून तिथवरचे सगळे सेकंट मिळवत जायचं. त्या बेरजेलाच आम्ही मेरिडियनल पार्ट्स म्हणतो. हेच तुझं इंटिग्रल."

काकांची गाडी सुटली ती थांबेना. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने असा नकाशा काढला 1569 मध्ये. एडवर्ड राइट नावाच्या इंग्रजाने 1599 मध्ये थोड्याथोड्या अंतरावरचे सेकंट हाताने मिळवून तक्ता छापला. तेव्हा ना कॅल्क्युलस, ना लॉगॅरिदम. पुढे 1645 च्या सुमारास नौकानयन शिकवणाऱ्या हेन्री बाँडच्या लक्षात आलं, की हा तक्ता टॅनच्या लॉगच्या तक्त्याशी जुळतोय. का जुळतोय, ते त्याला सांगता येईना. सिद्धता दिली गणिती जेम्स ग्रेगरीने, 1668 मध्ये.

लेकीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे खरंच आधी उत्तर माहीत होतं!"

"बावीस-तेवीस वर्षं."

"मी म्हटलं ना!" चीटिंग पकडल्याचा केवढा आनंद! गणित सुटल्यावरही एवढा झाला नव्हता.

काका चपला घालता घालता वळले. "प्लस सी घातलास?"

नव्हता घातला, इंटिग्रलच्या शेवटी लिहायचा तो स्थिरांक. दर्यावर्द्यासमोर सी विसरली म्हणून ते जिना चढेपर्यंत हसत होते. मला मात्र गाइडवाल्याचा राग आला. एक ओळ जास्त लिहिली असती तर काय शाई संपली असती?

दुसऱ्या दिवशी माशाच्या हुमणासाठी तोच नारळ हातात घेतला. लेक म्हणाली, "थांब, फोटो काढते." काढला. मग मी कोयत्याच्या पाठीने दोन घाव घातले आणि नारळ तडकला तो बरोब्बर विषुववृत्तावर.