एनओआय भरलाय? कुठला?

मॅसॅच्युसेट्समध्ये साइटवर कुणी ‘एनओआय भरलाय’ म्हणालं की मी आता आधी विचारतो, कुठला? कारण इथे ‘नोटीस ऑफ इंटेंट’ नावाचे दोन कागद आहेत. एक गावाच्या कॉन्झर्वेशन कमिशनकडे जातो, पाणथळीपासून १०० फुटांच्या आत काम असलं की सहसा तो लागतो. दुसरा जातो केंद्राच्या ईपीएकडे, म्हणजे पर्यावरण संरक्षण खात्याकडे. पावसाच्या पाण्याबरोबर साइटवरची माती ओढ्यात जाते, त्याच्या परवान्यासाठीचा हा अर्ज. बहुतेक राज्यांत हा परवाना राज्य सरकारच देतं, पण मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर आणि न्यू मेक्सिकोत ईपीए स्वतः देते. नाव एक, खाती दोन. आमच्या चार प्लॉटच्या कामात मालकाच्या ऑफिसनं ‘झालंय’ कळवलं ते पहिल्याबद्दल, आणि पोकलेनची तारीख ठरून बसली होती.

‘प्रत्येक प्लॉट एकरापेक्षा लहान, मग परवाना कशाला?’ हाही प्रश्न आलाच. मर्यादा एक एकर, म्हणजे आपले चाळीस गुंठे, पण ती उकरलेल्या जमिनीची. मातीचा ढीग आणि कच्चा रस्ताही त्यात धरायचा. शिवाय चारही प्लॉट एकाच मोठ्या आराखड्यातले असतील तर हिशोब एकत्रच होतो.

खरा घोळ सहीचा. परवाना ‘ऑपरेटर’ला लागतो. नकाशे बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे, तो एक ऑपरेटर. साइटवर रोज काय होणार हे ज्याच्या शब्दावर ठरतं, तो दुसरा. मालक आणि कॉन्ट्रॅक्टर वेगळे असले की सहसा दोघांनाही आपापला एनओआय भरावा लागतो. माती अडवण्याची योजना, जिला सगळे ‘स्विप’ म्हणतात, ती मात्र दोघांत एक चालते, आणि ती एनओआयच्या आधी तयार हवी. मालकाला वाटत होतं कॉन्ट्रॅक्टर भरेल, कॉन्ट्रॅक्टरला वाटत होतं मालकानं भरलाय.

अर्ज ऑनलाइन. माहिती मी भरू शकतो, सही करू शकत नाही. एनओआयवर कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याचीच सही चालते, अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष अशा पदाची. साइट इंजिनियरला अधिकारपत्र दिलं तर तो स्विपवर आणि तपासणीच्या अहवालांवर सही करतो, एनओआयवर नाही. सही करणाऱ्याचं स्वतःचं खातं हवं, ओळख पटवून इलेक्ट्रॉनिक सहीचा करार हवा. आमच्या साहेबांनी एवढ्यासाठी अकरा दिवस घेतले, आणि वर ‘पासवर्ड देतो, तूच कर’. असलं काही अजिबात करू नका. ते खातं काम मिळाल्या दिवशीच उघडून घ्या.

आणि सही झाली की काम सुरू, असंही नाही. त्यानंतर १४ दिवस. तेही सहीपासून नव्हेत, तर पूर्ण अर्ज मिळाल्याचं ईपीए कळवते तेव्हापासून. अर्धवट अर्जाची मोजणी सुरूच होत नाही. तोवर झाडांचे बुंधेही उपटायचे नाहीत. पोकलेनवाल्याला हे समजावताना माझाच घसा बसला.

अर्ज अर्धवट राहतो तो बहुधा दुर्मिळ प्राण्यांच्या रकान्यात. यादी ‘आयपॅक’ संकेतस्थळावरून काढायची. ९० दिवसांनी ती पुन्हा पडताळायची असते. आमच्या यादीत लांब कानांचं एक वटवाघूळ होतं. झाडं तोडणार असाल तर त्याचं उत्तर दोन ओळींत भागत नाही.

बाकीचं सोपं आहे, पण एका गोष्टीत हटकून चूक होते. सिल्ट फेन्सचं, म्हणजे गाळ अडवणाऱ्या कापडी कुंपणाचं, कापड सहा इंच खोल चरीत वळवून वर माती दाबावी लागते. नुसतं जमिनीला टेकवलं तर पाणी खालून निघून जातं आणि कापड अगदी स्वच्छ राहतं. साइट इन्स्पेक्टरला ते पाहून बरं वाटतं, पण पावसानंतर स्वच्छ कापड दिसलं की मला तरी शंका येते. उतारावर आडवी लावा, टोकं चढाकडे वळवा. पाण्याचा ओघळ जिथून धावतो तिथे ही टिकत नाही, तिथे दगडाचा बांध घाला. गाळ निम्म्या उंचीवर पोचायच्या आत उपसायचा.

तपासणी दर ७ दिवसांनी, किंवा दर १४ दिवसांनी अधिक पाव इंच पावसानंतर २४ तासांत. मी सातच घेतो, पर्जन्यमापक बघत बसावं लागत नाही. पण गाळानं आधीच बिघडलेल्या ओढ्यात पाणी जात असेल तर दर ७ दिवसांनी आणि पाव इंचानंतरही जावं लागतं. ट्रकच्या चाकांनी रस्त्यावर आलेली माती त्याच दिवशी झाडायची.

परवाना बंद करायला आसपासच्या जमिनीवर नैसर्गिकपणे जेवढी हिरवळ असते तिच्या ७० टक्के हिरवळ लागते. बी ऑक्टोबरअखेर टाकलं तर ती वसंतातच दिसते, आणि तोवर तपासण्याही सुरूच. बंद करण्याच्या अर्जाला हिरवळीआधीचे आणि नंतरचे फोटो जोडायचे असतात. आधीचे काढायला सगळेच विसरतात, मीही विसरलो होतो.