खाऊन राहिला

आमची रविवारची मराठी शाळा उत्तर इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेच्या दोन वर्गांत भरते, भाड्यानं. गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे मोबाइलवर वर्गाचे फोटो काढायचे. खुर्च्या कशा, फळ्यावर काय, पेन्सिलींचे डबे कुठं. निघताना सगळं फोटोबरहुकूम लावायचं. एक डबा इकडचा तिकडं झाला की सोमवारी ईमेल हजर.

त्या रविवारी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई येणार होती. अनुदानाच्या अर्जात एक रकाना असतो: सामाजिक एकोप्याला तुमचा हातभार काय? २००१ मध्ये ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्डला दंगली झाल्या, चौकशी अहवालानं वेगवेगळ्या समाजांचे लोक एकमेकांत न मिसळता ‘समांतर आयुष्यं’ जगतात असं म्हटलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न आमच्यासारख्यांच्या मागं लागलाय. अल्पसंख्याक मुलांच्या शिक्षणावरच्या १९८५ च्या सरकारी स्वान अहवालानं मात्र मातृभाषा शिकवणं ज्या त्या समाजावर सोपवलं होतं. आधी म्हणायचं तुमचं तुम्ही बघा, मग विचारायचं तुमचं तुम्हीच का बघता!

आमची खरी अडचण वेगळी आहे. बालभारतीचं पहिलीचं पुस्तक घरात मराठी बोलणाऱ्या मुलासाठी आहे. आमची मुलं आठ वर्षांची, सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. गुजराती, बंगाली, उर्दूत जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, देता येते, मराठीत नाही. त्यामुळं बाराव्या वर्षी गळती. म्हणून मी अक्षरं मागं ठेवून चित्रं पुढं आणली. चित्र दाखवायचं, ‘काय चाललंय?’ विचारायचं आणि थांबायचं. ते थांबणंच अवघड असतं.

बाई मागं बसल्या होत्या. चित्रात मुलगा आंबा खात होता. एरवी तोंड न उघडणारा आमचा एक नऊ वर्षांचा विद्यार्थी स्वतःहून म्हणाला, “तो आंबा खाऊन राहिला.”

माझी सहकारी ताई पुण्याची. “असं नाही म्हणायचं. खातोय. म्हण, खातोय.”

“बट आजी सेज इट.”

“म्हण, खातोय.”

म्हणाला. मग तासभर गप्प. कौन्सिलच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मराठी त्यांना येत नाही, आणि मी त्यांच्याकडं बघून हसत होते.

मी स्वतः कोल्हापूरची. घरी आम्ही बायका सरळ ‘मी येतो’ म्हणतो. पुण्यात कॉलेजला गेल्यावर महिन्याभरात ‘येते’ म्हणायला लागले. कुणी शिकवावं लागलं नाही, हसणं पुरलं.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. “ताई, आज तो आजीसोबत बोललाच नाही व्हिडिओ कॉलवर. आजीचं मराठी राँग आहे म्हणून राहिला.”

मी बोलते म्हणाले पुण्याच्या ताईंशी. अजून बोलले नाही. ही ताई दर रविवारी दीड तास गाडी चालवत येते, एक पैसा घेत नाही, आणि शेवटी कुठलं तरी एक मराठी लिहायला शिकवावंच लागतं, हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण ते चित्र लिहायचं नव्हतं, बोलायचं होतं.

अनुदान मंजूर झालं. अहवालात ‘आपुलकीचं, सर्वांना सामावून घेणारं वातावरण’ असं लिहिलंय. हजेरीपटात त्या मुलापुढं दोन रविवार कोरे आहेत.