माल्टाच्या तटावरची पाटी

माल्टाची राजधानी व्हॅलेटा, तिच्या वेशीबाहेर बसमधून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. माझी भाची इथल्या इस्पितळात नर्स आहे. "मावशी, आधी पोटात काहीतरी घाल, मग तुझा किल्ला," असं म्हणत तिनं हातात गरम पास्तित्सी ठेवली. खारीसारखे पापुद्रे आणि आत वाटाण्याचं सारण. ती खात खात त्रितोन कारंज्याला वळसा घालून आम्ही पुढे निघालो. आज इथे मोकळा फरसबंदी चौक आहे, लोक कट्ट्यांवर निवांत बसलेले असतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत या कारंज्याभोवती बसगाड्यांचा गराडा असायचा. २०१८ साली व्हॅलेटा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली, त्याच वर्षी चौकाचं नवं रूप लोकांसमोर आलं.

खंदकावरचा पूल ओलांडताना मी खाली पाहिलं आणि पाय थबकले. खंदक खणून काढलेला नाही, खडकात कोरून काढलाय! तटाचा खालचा भाग म्हणजे अखंड कातळ आणि वर त्याच मधाच्या रंगाच्या चुनखडीचं बांधकाम. कातळ कुठे संपला आणि गवंड्याचा हात कुठे सुरू झाला, ते नीट निरखल्याशिवाय कळत नाही.

मी वसईची. बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले कोनदार बुरुज लहानपणापासून पाहिलेले, त्यामुळे इथे परकं काही वाटलं नाही. तोफांचा जमाना आल्यावर इटलीतल्या स्थापत्यकारांनी हा घाट बसवला. पोर्तुगीजांनी तो आमच्याकडे आणला, सेंट जॉन या ख्रिस्ती लढाऊ पंथाच्या सरदारांनी माल्टात. वसईचा तट १७३९ साली चिमाजीअप्पांच्या फौजेनं सुरुंग लावून फोडला. या बेटाचं आणि मुंबईचंही एक नातं आहे. १८७८ साली ब्रिटिशांनी हिंदुस्थानी फौज जहाजांतून इथे आणून ठेवली होती, तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या.

पण मला लिहायचंय ते एका पाटीबद्दल. मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात ३१ वर्षं काम केलं. कुठल्याही कामापाशी गेले की निधीची पाटी आधी वाचते. तटालगत लावलेल्या त्या पाटीवर युरोपीय संघाचा निळा झेंडा होता आणि मजकूर साधारण असा: युरोपीय प्रादेशिक विकास निधी, कार्यक्रम २००७ ते २०१३, वाटा ८५ टक्के युरोपीय संघाचा, १५ टक्के देशाचा. भाची म्हणाली, "एवढं काय लिहिलंय त्यात?" मी म्हटलं, "अगं, या तटाची सगळी कुंडली आहे ही."

माल्टा २००४ साली युरोपीय संघात आला. आकारानं आपल्या एखाद्या तालुक्याएवढा देश, आणि तटबंदी मैलोन्मैल. एवढा दगड एकट्यानं सांभाळणं त्याला झेपणारं नव्हतं. मग व्हॅलेटा, बंदरापलीकडचं बिर्गू, माल्टाची जुनी राजधानी मदिना आणि गोझो बेटावरचा बालेकिल्ला अशा चार ठिकाणच्या साधारण ६ किलोमीटर तटबंदीचा एकच प्रकल्प केला गेला. खर्च सुमारे ३ कोटी ६० लाख युरो. तुकड्यातुकड्यानं मागितलं असतं तर तुकडेच मिळाले असते, असं माझं ठाम मत आहे.

हा निधी मिळतो कसा, ते आपल्याकडच्या नगरसेवकांनी आणि मुख्याधिकाऱ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. पैसे खिरापतीसारखे आधी हातात पडत नाहीत. साधारणपणे खर्च आधी आपण करायचा, निविदा नियमानं काढायच्या, बिलं आणि मोजमापं जोडायची, मग परतावा येतो. ठरलेल्या मुदतीत खर्च झाला नाही तर उरलेला निधी हातचा जातो. पुरी झालेली कामं पुढे काही वर्षं टिकवावीही लागतात. एरवी साधारण ५ वर्षांची अट असते आणि ती मोडली तर रक्कम परत मागितली जाऊ शकते. शिवाय नुसतं "भिंत दुरुस्त करायची आहे" म्हणून भागत नाही. त्या भिंतीमुळे गावाला काय मिळणार ते मांडावं लागतं: चालायला वाट, बसायला बाग, चार माणसांना रोजगार. म्हणून इथे तटाबरोबर खंदक, चौक, पायऱ्या, दिवे यांचाही विचार झालेला दिसतो.

पंधरा टक्क्यांचं मोल मला त्या पाटीपाशी नव्यानं कळलं. आमच्याकडे एकदा जुन्या तटालगतच्या बागेसाठी निधी आला होता. स्वतःचा हिस्सा भरायची वेळ आली तेव्हा अंदाजपत्रकात तो खर्च टाकायला शीर्षच सापडेना. शेवटी घाईघाईनं ठेका दिला आणि ठेकेदारानं चुन्याच्या दरजांमध्ये सिमेंट भरलं. मऊ दगडाच्या भिंतीत सिमेंट गेलं की ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. ती दगडातूनच निघते, क्षार साठतात आणि दगडाचा चुरा होतो. चार पावसाळ्यांत त्या भिंतीची पुटं निघाली. ते बिल माझ्याच टेबलावरून गेलं होतं आणि ते मला अजून आठवतं.

माल्टाचा दगड तर फारच मऊ, स्थानिक लोक त्याला फ्रांका म्हणतात. समुद्राचा खारा वारा तो मधमाशीच्या पोळ्यासारखा पोखरतो. डागडुजीत खराब झालेले दगड काढून त्याच जातीचे नवे बसवले आहेत आणि दरजा चुन्याच्या भरल्या आहेत. जवळ गेलं की नवा दगड फिकट दिसतो. तो मुद्दाम जुना भासवलेला नाही, हे मला फार आवडलं.

दुपारी होडीनं बंदर ओलांडून बिर्गूला गेलो. १५६५ सालच्या तुर्कांच्या वेढ्यात सरदारांनी इथेच तग धरला होता. वेढा उठला तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि समोरच्या उघड्या टेकडीवर नवं शहर, म्हणजे आजचं व्हॅलेटा, बांधायचं होतं. सरदारांचे प्रमुख जाँ द ला व्हालेत यांनी युरोपभर मदत मागितली. पोपनं फ्रान्चेस्को लापारेल्ली हा आपला स्थापत्यकार पाठवला. २८ मार्च १५६६ रोजी पायाचा दगड बसला. मजुरीला चांदी पुरेना, तेव्हा तांब्याची नाणी पाडली गेली. त्यांच्यावर हातात हात घेतलेले दोन पंजे आणि लॅटिन अक्षरं: धातू नव्हे, विश्वास. खरी चांदी आली की बदलून देऊ, हा तो वायदा. साडेचारशे वर्षांपूर्वीसुद्धा हे शहर बाहेरून येणाऱ्या पैशावर आणि स्वतःच्या शब्दावर उभं राहिलं, हे वाचून मी बराच वेळ त्या टेकडीकडे बघत बसले.

मदिनाच्या खंदकाबद्दल मात्र मन पूर्ण राजी नाही. पूर्वी तिथे लिंबू-संत्र्याची झाडं होती. ती काढून हिरवळ आणि फरसबंदी केली आणि २०१३ साली बाग लोकांसाठी उघडली. त्यावर तेव्हा टीकाही झाली. पाण्याची एवढी टंचाई असलेल्या बेटावर हिरवळ कशाला, हा प्रश्न मलाही पडला. पण संध्याकाळी तिथे पोरं चेंडू खेळत होती, म्हाताऱ्या बाकांवर गप्पा मारत होत्या. जिथे शत्रूनं पाऊल टाकू नये म्हणून खोदलं, तिथे गावाचं अंगण झालंय.

युरोपात या एकाच निधीवर सगळं चालत नाही. शेजारच्या देशांतल्या शहरांनी जोडीनं काम करायचं असेल तर युरोपीय संघाचा इंटररेग हा कार्यक्रम आहे. अर्बॅक्ट हा संघाचा शहरांसाठीचा कार्यक्रम तट दुरुस्त करायला पैसे देत नाही. शहरांना एकत्र बसवून आराखडा करायला देतं, आणि माझ्या मते आधी तेच हवं. आपल्याकडेही मार्ग आहेत. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी गडकिल्ले आणि स्मारकांसाठी ठेवण्याचा राज्याचा निर्णय आहे, राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपनासाठी महाराष्ट्र वैभव योजना आहे, केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. वारसास्थळाचा मान मिळवण्याइतकाच अभ्यास प्रस्ताव लिहिण्यात आणि आपला हिस्सा अंदाजपत्रकात आधी धरून ठेवण्यात व्हायला हवा.

रात्री पाटीचा फोटो जुन्या सहकारी बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: "छान. पण देखभालीचा खर्च कुठून?" बिनतोड प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच तटाखालून चालत निघाले. इथल्या भिंतींतून केपरची झुडपं आपोआप उगवतात, त्यांच्या कळ्या लोक मिठात मुरवून खातात. पण मुळं दरजांत शिरली की दगड सुटतो. एका बुरुजाच्या सावलीत पिवळं जाकीट घातलेला माणूस शिडीवर चढून एकेक रोप मुळासकट उपटत होता, आणि खाली दुसरा बादलीत चुना कालवत होता. मी हात केला, त्यांनीही केला. तो फोटो बाईंना पाठवला.