नाक अगदी सरळ झालं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुभंगलेल्या ओठाच्या लेकरांच्या आया भेटतात, माझा चेहरा निरखतात आणि हळूच विचारतात, "ताई, ऑपरेशननंतर नाक अगदी सरळ झालं का हो?"

अगदी सरळ नाही झालं. डावी नाकपुडी अजून थोडी बसकी आहे, मान वर केली की कळते. तरी मला पुन्हा विचारलंत, तर मी पुन्हा करून घेईन.

माझा ओठ तान्हेपणीच शिवला. ("ग्रहणात भाजी चिरलीस का?" हे आईला कितीदा ऐकावं लागलं! त्याचा काहीएक संबंध नसतो.) ओठ जुळला, नाक तिरकंच राहिलं: शेंडा उजवीकडे कललेला, आतला पडदा वाकडा, डावी नाकपुडी जवळजवळ बंद. चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत नाक सरळ करण्याचं मोठं ऑपरेशन सहसा करत नाहीत, म्हणून १९व्या वर्षापर्यंत थांबले. डॉक्टरांनी बरगडीची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) काढून शेंड्याला आतून टेकू दिला, पडदा मध्यावर आणला.

नाकापेक्षा बरगडीच जास्त दुखली. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची.

आठव्या दिवशी नाकावरचं स्प्लिंट (आधाराची कडक पट्टी) निघालं आणि आरशात बघून मी हमसाहमशी रडले. नाक सुजून बटाट्यासारखं झालेलं. म्हणून सांगते, पहिल्या महिन्यातल्या नाकावरून काही ठरवू नका. सूज पुरती उतरायला वर्षभर लागतं, शेंड्याची सगळ्यात शेवटी. बरगडीची कूर्चा पुढे कधी किंचित वाकतेही, काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं. तेवढी मनाची तयारी ठेवा.

डॉक्टरांनी मला कावसजीचं चित्र दाखवलं होतं. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या एका कारागिरानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं, आणि १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आलं. नाक छान जमलंय, कपाळावरचा व्रणही स्पष्ट दिसतो. माझा व्रण छातीखाली आहे, बोटभर. मी तो लपवत नाही.

लेकीचा फोटो दाखवून "किती सुधारेल?" विचारता, तेव्हा मी आधी विचारते, रात्री तोंड उघडं ठेवून झोपते का? डॉक्टरांशी आकाराबद्दल बोलाल तेव्हा श्वासाबद्दलही बोला. माझं तर सगळं बालपण कोरड्या घशानं उठण्यात गेलं.

ऑपरेशनला दोनेक महिने झाले असतील. एका सकाळी आई चहा ओतता ओतता म्हणाली, "रात्री तुझा काही आवाजच येईना. दोनदा उठून नाकाशी हात धरून बघितलं."